सागवान: रोपवनातलं आणि रानातलं

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या बाजारात कुणाला सांगा, सागवान धोक्यात आहे म्हणून, तो हसेल. बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागच तर दिसतो. तरीही 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत साग 'संकटग्रस्त' ठरला. ही नोंद रोपवनातल्या सागाची नव्हे, आपलं आपण उगवलेल्या सागाची. असा साग मुळात भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चारच देशांतला.

रानातला साग कसा सरत गेला, ते आलापल्लीजवळच्या अहेरीच्या जंगलात नीट दिसतं. इंग्रजांची नजर एकोणिसाव्या शतकातच इथल्या सागावर पडली. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा पट्टा, पाडताना सरळसोट, जाड बुंधा आधी हेरला जायचा, त्यावर हातोड्याचा शिक्का बसायचा. वाकडं, पोकळ, गाठाळ झाड मात्र उभं राहायचं. चांगलं ते नेलं, तर मागं बी कुणाचं उरणार? हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. कमलापूरचे हत्ती आज पर्यटक कौतुकानं बघतात. पूर्वी या रानातले ओंडके ओढायला असेच हत्ती जुंपले जात.

1953 मध्ये मात्र एक शहाणपणाची गोष्ट झाली. आलापल्लीजवळचा सहा हेक्टरांचा तुकडा हात न लावता राखायचा ठरला. सहाच हेक्टर! एखाद्या बड्या शेतकऱ्याची जमीन याहून मोठी असते. पण कुऱ्हाड थांबली ती थांबली, आणि 2014 मध्ये हेच 'वनवैभव' राज्याचं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झालं. बाहेर दुसराच खेळ चालू होता. 1974 मध्ये वनविकास महामंडळ निघालं. मिश्र जंगल तोडून तिथं सागाच्या रांगा लावायचा सपाटा चालला. ऐन, बिजा, तेंदू, मोह गेले आणि साग वाढला. कागदावर हे जंगलच.

जिकडेतिकडे दिसतं म्हणजे ते सुरक्षित, अशी फसगत दूर दक्षिण महासागरातल्या मॅक्वारी बेटावरही झाली. हे बेट जेमतेम 34 किलोमीटर लांब, बारमाही थंडी आणि वारा झेलणारं. अझोरेला नावाची वनस्पती तिथं गादीसारखी जमिनीला चिकटून वाढते, आणि पठारावर पाहावं तिकडे तीच. 2008 च्या सुमारास या गाद्या पिवळ्या पडून मरू लागल्या. 2010 मध्ये ती अतिसंकटग्रस्त ठरली. वारे वाढले, ओल घटली, असं अभ्यासकांचं अनुमान. तिथं तोडायला कुणी आलं नव्हतं, एवढाच फरक. पण जे ढिगानं आहे त्याची काळजी कशाला, ही समजूत दोन्हीकडे सारखीच.

इकडे सागाचं कौतुक मात्र चालूच आहे. 2023 मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान वाजतगाजत गेलं. इथल्या लोकांना अभिमान वाटला, आणि तो वाटावाच.

पण रोपवनातला साग आणि रानातला साग वाढतात वेगवेगळ्या वाटांनी. रोपवाटिकेत सागाचं बी भिजवतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात, मग गादीवाफ्यावर टाकतात. वर्षभराचं रोप उपटून त्याचा अंगठ्याएवढा स्टंप कापतात आणि पहारीनं भोक पाडून रांगेत लावतात. रानातलं रोप वणव्यात जळतं, पावसाळ्यात मुळातून फुटतं, पुन्हा जळतं. अशी कित्येक वर्षं गेली की एखादा कोंब आगीच्या वर जातो. त्याचं कोवळं पान चोळून पाहा, बोटं लालभडक होतात.