शेक घेतलेला जबडा आणि दुखरी दाढ

‘तोंडाच्या कॅन्सरला शेक घेतला, कॅन्सर बरा झाला. आता दाढ दुखते, ती काढून टाका,’ असे म्हणत पुष्कळ रुग्ण माझ्या दवाखान्यात येतात. अशा वेळी मी चिमटा हातात घेत नाही; आधी शेकाचे कागद मागतो. त्याचे कारण वाचकांनी समजून घेतले पाहिजे.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते, झिजते आणि पुन्हा भरते. दात काढल्यावर पडलेला खड्डा आधी रक्ताच्या गुठळीने आणि मग नव्या हाडाने भरून येतो. त्यासाठी हाड बांधणाऱ्या पेशी हव्यात आणि त्यांना प्राणवायू पुरवणारे रक्त हवे. शेकाचे किरण कॅन्सरला मारतात, पण वाटेतल्या हाडाच्या पेशींनाही इजा करतात. बारीक रक्तवाहिन्या आकसतात. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच बेताचा, म्हणून त्याला धोका जास्त. शेकाची मात्रा ६० ग्रेच्या वर गेली की हा धोका आणखी वाढतो. तो काही वर्षांनी संपतो असेही नाही, जन्मभर राहतो.

माझ्याकडे आलेल्या एका शेतकरी गृहस्थांचा शेक होऊन चार वर्षे झाली होती. दुसरीकडे दाढ काढताना त्यांनी शेकाचे सांगितले नाही आणि त्यांना कोणी विचारलेही नाही. पाच महिने झाले तरी खड्डा भरेना, आत पिवळट हाड उघडे दिसत होते. शेवटी जबड्याचा तुकडा काढून तिथे पायाचे हाड बसवावे लागले.

हे टाळता येते. शेक सुरू होण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. जे काढायचे ते शक्यतो दोन-तीन आठवडे आधी काढावेत, म्हणजे जखम भरते. मात्र त्यासाठी कॅन्सरचा उपचार लांबवू नये. दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावे. शेकानंतर लाळ कमी होते, दात झपाट्याने किडतात. म्हणून दोन वेळा ब्रश, वारंवार पाण्याचे घोट आणि दंतवैद्य सांगतील तसे फ्लोराइड लावणे कायम चालू ठेवावे. तंबाखू, मिश्री, गुटखा बंद म्हणजे बंदच.

नंतर दाढ दुखलीच तर शेकाचे कागद घेऊन जावे. पुष्कळदा रूट कॅनाल करून दात वाचवता येतो. तोंडात हाड उघडे दिसले, पू आला किंवा ओठ बधिर झाला तर थांबू नये.

हे वाचून शेकालाच कोणी घाबरू नये. हाडाचा हा त्रास थोड्याच रुग्णांना होतो. शेक टाळला तर मात्र जिवावर बेतू शकते.