मोटारीच्या फळीवरील डाग

मोटारींत चालकासमोर जी फळी असते तिला इंग्रजींत ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. हें नांव मोटारीहून जुनें आहे. घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल गाडींत बसलेल्यांच्या अंगावर येऊं नये, म्हणून घोडागाडीच्या पुढें एक फळी लावीत. तिचें हें नांव. घोडा गेला, नांव राहिलें. आणि चिखल झेलणारी ती फळी आतां ऊन, धूळ व मुलांचे ओरखडे झेलीत असते.

आमच्या चिरंजीवांनीं २०१७ सालीं मोटार घेतली. पहिल्याच दिवशीं मातोश्रींनीं डाव्या बाजूच्या फळीवर गणपतीची लहानशी पितळी मूर्ति दुहेरी चिकटपट्टीनें बसविली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें त्या नेहमीं पुढच्याच आसनावर बसतात, तेव्हां मूर्ति त्यांच्या अगदीं समोर. २०२४ च्या उन्हाळ्यांत पट्टी सैल झाली, मूर्ति कलंडली व फळीवर ओरखडा उमटला. तो घालविण्याचें काम निवृत्त माणूस म्हणून माझ्याकडे आलें. त्या निमित्तानें जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवतों.

वैद्य आधीं निदान करितो, मग औषध देतो. येथेंहि तोच क्रम. फळीवर बोटानें दाबून पाहावें. दबली तर फोमावर व्हिनाइलसारखें मऊ आवरण आहे, न दबली तर ती कठीण प्लास्टिकची आहे, असें बहुधा समजावें. कांहीं मोटारींत काळा, आरशासारखा चकचकीत भागहि असतो. प्रत्येकाचा उपचार निराळा.

सौम्यांतला सौम्य उपाय प्रथम करावा, व तोहि आधीं एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यांत करून पाहावा. धूळ कोरडीच घांसून पुसली तर तीच ओरखडे काढते; म्हणून ती मऊ ब्रशानें झटकावी, आणि मग साबणाच्या पातळ पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्यानें फळी पुसावी. थिनर व अ‍ॅसिटोन यांच्या वाटेस जाऊं नये. अनेक प्लास्टिकांचा वरचा थर त्यांनीं बिघडतो. तेलकट चमक आणणारे लेपहि टाळावे. त्या चमकेचें प्रतिबिंब समोरच्या कांचेंत पडून चालकाचे डोळे दिपतात.

नातवानें कठीण भागावर किल्लीनें ओढलेल्या रेघा पांढुरक्या दिसत होत्या. तेथील रंग गेलेला नसतो, कारण रंग प्लास्टिकच्या अंगांतच मिसळलेला असतो. ताण बसून पृष्ठभाग तेवढा पांढरा पडतो. केस वाळविण्याचें यंत्र वीतभर अंतरावरून सारखें हलवीत थोडी ऊब दिली, तेव्हां त्या बऱ्याच फिकट झाल्या. एकाच जागीं उष्णता धरली, तर मात्र कातड्यासारखी नक्षी सपाट होऊन तेथें कायमची चकाकी येते. चकचकीत भागावरील बारीक रेघा प्लास्टिकच्या पॉलिशनें हलक्या हातानें निघतात. खोल रेघा निघत नाहींत. मऊ आवरणास लहान भोंक वा चीर पडली असेल, तर लवचीक फिलर पातळ थरांनीं भरून, त्यावर नक्षी दाबून, जुळता रंग मारतात. हें मात्र कसलेल्या कारागिराचें काम आहे.

चिरा पडण्यास बहुधा ऊनच कारण. व्हिनाइलला मऊ ठेवणारीं द्रव्यें उष्णतेनें हळूहळू निघून जातात व तें ठिसूळ होतें. अमेरिकेंत अ‍ॅरिझोना येथें केलेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, तासभर उन्हांत ठेवलेल्या मोटारींच्या फळीचें तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरलें. कांचेच्या आंतून लावावयाचा दुमडता पडदा हा म्हणून सर्व लेपांहून स्वस्त उपाय होय.

आतां मूर्तीच्या जागेविषयीं. गरम पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें पट्टी मऊ केली, खालून बळकट दोरा करवतीसारखा फिरवून ती सोडविली, उरलेला गोंद खोबरेल तेलानें काढला व साबणाच्या पाण्यानें जागा धुतली. ओरखड्यांत भरण्यासाठीं फिलर आणून ठेवलाच होता. इतक्यांत सात वर्षें मूर्तीखालीं झांकलेलीं अक्षरें दिसलीं: ‘एसआरएस एअरबॅग’.

माझा हात तेथेंच थांबला. जोराची टक्कर होतांच ही पिशवी वायूनें भरते, व तीहि पापणी लवण्यापूर्वींच. तिच्यावरील झांकण, आंतून मुद्दाम पातळ केलेल्या रेषेवर फाटून उघडेल, असेंच बनविलेलें असतें. त्या रेषेवर फिलर, गोंद किंवा जाड रंग चढविला, तर झांकण नीट उघडेल याचा भरंवसा नाहीं. आणि तेथें बसविलेली वस्तु गोळीसारखी समोरच्या माणसावर येते. भारतांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठीं, व १ एप्रिल २०२१ पासून नव्यानें येणाऱ्या नमुन्यांत शेजारच्या आसनासाठींहि ही पिशवी सक्तीची झाली. तेव्हां हें झांकण आतां घरोघर आहे. त्यावरील ओरखडा राहूं द्यावा. चीर असेल तर कंपनीच्या कार्यशाळेस दाखवावी.

मातोश्रींना हें सांगणें फळीच्या कामाहून अवघड वाटत होतें. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें व म्हणाल्या, “अरे, मग इतकीं वर्षें सांगितलें कां नाहींस? त्याला घरीं देवघरांत बसव. त्याच्या हातून असलें काम कशाला?”

मूर्ति देवघरांत गेली. फळीवर एक काळसर चौकोन उरला. डाग समजून मी तो दोन दिवस पुसत होतों. मग ध्यानांत आलें कीं, फळीचा मूळ रंग तोच, सभोंवारची फळी उन्हानें फिकी पडली आहे. तो चौकोन तसाच ठेवला आहे. मोटारींत बसतांना मातोश्री अजून त्यालाच हात जोडतात.