पीसीएम घेतलं म्हणून औषधाची वाट बंद होत नाही

सानगडी (ता. साकोली) : दहावीचा निकाल लागला की सानगडी परिसरातल्या घराघरांत एकच चर्चा. पीसीएम घ्यायचं की पीसीबी? गणित घेतलं तर डॉक्टरकी गेली, बायोलॉजी घेतली तर इंजिनिअरिंग गेलं, असा सरळ हिशोब. एमबीबीएसला बायोलॉजी लागतेच, हे खरं. पण रुग्णाच्या कामी यायला डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही. डॉ. समीर मित्रगोत्री यांचं काम बघा.

मित्रगोत्री केमिकल इंजिनिअर. मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीतून (आताची आयसीटी) 1992 मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीला पीएच.डी.साठी गेले. तिथे प्रश्न होता सुईचा. कातडीचा सर्वात वरचा थर केसापेक्षा पातळ, तरी इन्सुलिनसारखा मोठा रेणू आत जाऊ देत नाही.

तोड निघाली फिजिक्समधून. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्या हद्दीवरच्या ध्वनिलहरी कातडीवरच्या द्रवात सोडल्या की बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात. त्याने वरचा थर थोडा वेळ सैल होतो आणि औषध आत शिरतं. 1995 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे संशोधन छापून आलं. प्रयोगातल्या उंदरांची साखर सुई न टोचता उतरली होती.

पुढे ते नॅनोकडे वळले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढे बारीक औषधी कण रक्तात सोडले की यकृत आणि प्लीहा ते लवकर गाळून टाकतात. म्हणून कण तांबड्या रक्तपेशींना चिकटवले. फुफ्फुसातल्या अरुंद केशवाहिन्यांतून पेशी दाटीने जातात, तेव्हा कण घासून तिथेच सुटतात. एसटीत बसून आपल्या थांब्यावर उतरावं, तसंच.

2017 पासून ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक आहेत. अमेरिकेच्या अभियांत्रिकी अकादमीने आणि वैद्यक अकादमीनेही त्यांना सदस्य करून घेतलं.

एक खबरदारी : इन्सुलिनची सुई यामुळे अजून सुटलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलेला डोस कोणीही बंद करू नये.

आणि पोरांनो, फिजिक्स दोन्ही ग्रुपमध्ये आहेच. झेपत असेल तर गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवा, म्हणजे नीट आणि सीईटी दोन्ही देता येतात. एक सुटलं तरी खचू नका. औषध रुग्णापर्यंत पोचवायला इंजिनिअरही लागतो.