बालीचे दक्षिण टोक : समुद्र, उलुवातू आणि केचक

बाली बेटाच्या दक्षिण टोकाला बुकित नावाचे चुनखडीचे पठार आहे. एका चिंचोळ्या पट्टीने ते मुख्य बेटाला जोडलेले असून विमानतळही त्याच पट्टीवर आहे. बालीची ओळख असलेली भाताची पाणथळ खाचरे इथे दिसत नाहीत. माती पातळ, पाणी कमी. शेतीला फारशी उपयोगाची नसलेली ही जमीन पर्यटनामुळे मात्र सोन्याच्या भावाची झाली. किनारे, मंदिर आणि नृत्य एका दिवसात दाखवणाऱ्या सहली बहुधा याच भागात फिरतात.

सुरुवात पूर्वेकडच्या पांडवा किनाऱ्यापासून करता येते. डोंगर कापून काढलेल्या रस्त्यालगत, कड्यात कोरलेल्या कोनाड्यांत कुंती आणि पाच पांडवांच्या भल्यामोठ्या मूर्ती उभ्या आहेत. त्या प्राचीन नाहीत, पण महाभारत बालीत आजही घरचेच आहे, हे त्यांच्यावरून कळते. पश्चिमेकडचा पादांग पादांग किनारा इवलासा आहे आणि खडकातल्या अरुंद फटीतून खाली उतरावे लागते. या दोन्हींच्या मधल्या मेलास्ती किनाऱ्याला एका विधीचे नाव मिळाले आहे. न्येपी हा बालीचा नववर्षाचा मौनदिन. त्याच्या आधी देवळांतल्या पवित्र वस्तू मिरवणुकीने समुद्रावर नेऊन शुद्ध करतात, तो हा विधी. बालीचे हे वर्ष शकाचेच आहे आणि त्याचा आकडा आपल्या शालिवाहन शकाशी जुळतो. 2023 मध्ये तर न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, 22 मार्चला आले होते.

दुपार कलली की गाड्या उलुवातूकडे निघतात. समुद्रापासून सुमारे 70 मीटर उंच कड्याच्या टोकावर हे मंदिर आहे. परंपरेनुसार त्याचा संबंध अकराव्या शतकातील एम्पू कुतुरान आणि जावाहून आलेले सोळाव्या शतकातील धर्मगुरू निरार्थ यांच्याशी जोडला जातो. निरार्थांना इथेच मोक्ष मिळाला, अशी श्रद्धा आहे. प्रवेशासाठी सारोंग आणि कमरेला पट्टा बांधावा लागतो. आतल्या प्रांगणात फक्त भाविकांना प्रवेश असल्याने पर्यटक कड्यालगतच्या वाटेवरूनच मंदिर पाहतात. लक्ष मात्र माकडांवर ठेवावे लागते. ती चष्मे, फोन पळवतात आणि खाऊ मिळाल्यावरच परत देतात. संशोधकांच्या निरीक्षणानुसार प्रौढ माकडे माणसाला अधिक मोलाची वाटणारी वस्तू हेरतात आणि मनासारखा खाऊ मिळेपर्यंत ती सोडत नाहीत.

सूर्यास्ताच्या सुमारास मंदिराजवळच्या खुल्या रंगमंचावर केचक हे नृत्यनाट्य सुरू होते. यात एकही वाद्य नसते. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र गुंडाळलेले अनेक पुरुष वर्तुळात बसून ‘चाक चाक’ असा घोष करतात. सगळे एकाच ठेक्यावर नसतात. एका गटाच्या विरामात दुसऱ्या गटाचा आवाज बसतो आणि त्यातून दाट लय तयार होते. मधोमध सीताहरणापासून रामकथा रंगते. हनुमानाला पकडून भोवती आग लावली जाते, तो पेटता ढीग लाथाडत बाहेर पडतो. थोडा विनोद, थोडी प्रेक्षकांशी मस्करीही असते.

हे सारे पुरातन वाटले, तरी आजचे केचक 1930च्या दशकातले आहे. रोगराई टाळण्यासाठी होणाऱ्या सांगह्यांग या विधीत नर्तकांच्या अंगात येई आणि पुरुषांचा असा घोष चाले. तो घोष रामायणाशी जोडून पाहुण्यांसाठी स्वतंत्र प्रयोग उभा राहिला. त्यात बेदुलू गावचे नर्तक वायान लिंबाक आणि बालीत स्थायिक झालेले जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस यांचा वाटा मोठा होता. म्हणून केचकला नकली ठरवणे अन्यायाचे होईल. विधी देवळापाशी ठेवून खेळ वेगळा करण्याची समज त्यात आहे. बालीतील नृत्यांचे पवित्र, अर्धपवित्र आणि रंजनपर असे तीन वर्ग मानतात. 2015 मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत या तिन्ही वर्गांतली मिळून नऊ नृत्ये गेली. त्यांत सांगह्यांग देदारी आहे, केचक नाही.

प्रयोग संपताच वाहनतळावर कोंडी होते. बरेच जण तिथून जिंबारनला जातात. तिथे वाळूत टेबले मांडून निखाऱ्यांवर भाजलेली मासळी वाढतात. मासळीचा दर वजनावर असतो, म्हणून भाव आधीच ठरवून घेतलेला बरा.