छंदाचा कोपरा आणि घराची हवा

दुपारची जेवणे आटोपली की अनेक घरांत जेवणाच्या टेबलाचे रूप पालटते. कुठे त्यावर कापड पसरले जाते आणि शिलाई मशीन येते, कुठे रेझिनच्या बाटल्या आणि साचे मांडले जातात. गणपतीच्या आधी मखराची कापाकापी याच टेबलावर होते, दिवाळीत पणत्या आणि आकाशकंदील इथेच रंगतात. संध्याकाळी सगळे आवरून पुन्हा ताटे मांडली जातात. एक-दोन खोल्यांच्या घरात हस्तकलेसाठी वेगळी खोली मिळणे अवघड, त्यामुळे ही तडजोड बहुतेकांच्या अंगवळणी पडली आहे. मात्र टेबल आवरले तरी कामातली वाफ, धूळ आणि बारीकसारीक वस्तू घरात मागे उरतात. त्यांचे काय करायचे, हे कोपरा मांडतानाच ठरवलेले बरे.

छंद सोडून द्यावा, असा याचा अर्थ अजिबात नाही. ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०२३ साली १६ देशांतील ६५ वर्षांवरील सुमारे ९३ हजार लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद जोपासणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याबद्दलचे समाधान अधिक, असे त्यात दिसले. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. तरीही निवृत्तीनंतर पुन्हा मशीनवर बसणाऱ्या आजींना किंवा ब्रश हाती घेणाऱ्या आजोबांना घरात जागा करून द्यायला एवढे कारण पुरेसे आहे. प्रश्न आहे तो ही जागा कशी असावी, याचा.

कारखाना आणि घर

रंगाच्या कारखान्यातला कामगार पाळी संपली की तिथून बाहेर पडतो. त्याच्या शरीराला तेवढा काळ तरी स्वच्छ हवा मिळते. घरात काम करणारा माणूस त्याच खोलीत जेवतो, झोपतो. त्याच्यासोबत रांगणारे बाळ असते, दम्याचा त्रास असलेले कुणी असते, गरोदर सून किंवा लेक असते. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते. त्याचे हात सतत जमिनीवर आणि तिथून तोंडात जातात. म्हणून मोठ्या माणसाला ‘जरासा वास येतोय’ एवढेच जाणवते, तेव्हा बाळाच्या वाट्याला त्याहून बरेच जास्त येत असते.

कारखान्यांसाठी औद्योगिक आरोग्यशास्त्राने संरक्षणाचा एक क्रम ठरवून दिला आहे. आधी घातक वस्तू टाळायची किंवा बदलायची, मग ती माणसांपासून वेगळी करायची आणि हवा खेळती ठेवायची. त्यानंतर कामाच्या सवयी सुधारायच्या आणि मास्क, हातमोजे हे सर्वांत शेवटी. घरात नेमके उलटे होते. मास्क लावला की बाकी कशाचा विचार करायची गरज नाही, असे वाटते. घरातला कोपरा मांडतानाही कारखान्याचाच क्रम कामी येतो.

आधी सामान पाहा

तैलरंगांऐवजी पाण्यात मिसळणारे रंग, थिनरवर आधारित गोंदाऐवजी साधा पांढरा गोंद, स्प्रेऐवजी ब्रश. एवढ्या बदलानेही हवेत मिसळणारी रसायने बरीच कमी होतात. चित्रकारांच्या काही रंगांत कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू असतात. ते वापरायचेच असतील तर ब्रशचे टोक ओठांनी सारखे करण्याची सवय सोडायला हवी. अमेरिकेतील न्यू जर्सीत शंभर वर्षांपूर्वी घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या मुली ब्रशला अशीच टोके काढत. त्यांतल्या अनेकींचे जबडे झिजले, काही दगावल्या. १९२८ साली त्यांच्या खटल्यात तडजोड झाली आणि कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न जगासमोर आला. आजच्या रंगांत रेडियम नसते, पण तोंडावाटे विष पोटात जाण्याचा मार्ग तोच आहे.

इपॉक्सी रेझिनची खोड वेगळी आहे. त्याला फारसा वास नसतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण न सुकलेले रेझिन आणि त्यातला हार्डनर त्वचेवर वारंवार लागला तर ॲलर्जी जडू शकते. एकदा जडलेली ही ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते आणि पुढे थोड्याशा संपर्कानेही हात, पापण्या, मान यांवर पुरळ उठते. त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून हवेत. हाताला लागलेले रेझिन थिनरने किंवा ॲसिटोनने पुसू नये, त्याने ते त्वचेत अधिक मुरते. आधी कागदाने टिपून घ्यावे आणि साबण-पाण्याने धुवावे. ओतलेला साचा सुकायला एक ते तीन दिवस लागतात. तोवर तो झोपायच्या खोलीत ठेवू नये.

पंखा लावला म्हणजे हवा बदलली नव्हे

छताचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. घरातला नेहमीचा स्प्लिट एसीही खोलीतली हवा ओढून, थंड करून परत सोडतो. यांपैकी कशानेही वाफा घराबाहेर जात नाहीत. हवा बदलायची तर तिला यायला एक वाट आणि जायला दुसरी वाट हवी. समोरासमोरची दोन दारे-खिडक्या उघडाव्यात. काम खिडकीजवळ करावे आणि टेबल फॅन पाठीमागे किंवा बाजूला असा ठेवावा की वारा माणसाकडून कामाकडे आणि तिथून खिडकीबाहेर जाईल. एक्झॉस्ट फॅन असला तरी समोरचे दार बंद असेल, तर त्याला ओढायला हवाच मिळत नाही. स्प्रेचे काम गच्चीत किंवा मोकळ्या बाल्कनीत, शेजाऱ्यांच्या खिडक्या पाहूनच करावे.

थिनर, टर्पेंटाइन यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते. शेजारच्या खोलीत देवापुढे निरांजन तेवत असेल किंवा गॅस पेटलेला असेल, तर भडका उडू शकतो. म्हणून या कामाची जागा स्वयंपाकघर आणि देवघर या दोन्हींपासून दूर असावी. लाकडाला पॉलिश करताना जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून डब्यात टाकण्याची चूकही महागात पडते. हे तेल सुकताना उष्णता बाहेर टाकते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळ्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावीत.

धूळ झाडू नका, पुसा

मातीकाम, लाकूडकाम आणि जुन्या भिंती-दारांची घासाघाशी या तिन्ही कामांत खरा त्रास देते ती डोळ्यांना न दिसणारी धूळ. मातीतल्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते, जी फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सिलिकाची धूळ आणि लाकडाचा भुसा, दोन्हींना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. ते मुख्यतः कामगारांच्या दीर्घकाळच्या संपर्कावरून. वर्षातून एकदा शाडूची मूर्ती करणाऱ्याने घाबरून जायचे कारण नाही. फक्त काम झाल्यावर कोरडा झाडू फिरवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. एमडीएफच्या फळ्या कापायच्या असतील तर दुकानातूनच मापात कापून आणाव्यात. त्यांत भुशासोबत फॉर्माल्डिहाइड असलेला गोंदही असतो.

कोपऱ्यासाठी जुने कपाट किंवा टेबल घासून पुन्हा रंगवणार असाल, तर आणखी एक काळजी घ्यायला हवी. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. कोरड्या पॉलिश पेपरने घासले की ते धुळीच्या रूपात घरभर पसरते. शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांच्या मेंदूसाठी सुरक्षित मानले जात नाही. असे काम घराबाहेर, पाणी मारून ओल्याने करावे. मुले आणि गरोदर स्त्रिया तेव्हा तिथे नसाव्यात.

उजेड आणि उंची

सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून चष्म्याचा नंबर वाढला असे समजण्याआधी दिवा पाहावा. वयाच्या साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या ढोबळमानाने एकतृतीयांश असतो. त्यासाठी खोलीभर मोठे दिवे लावायची गरज नाही. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केले की कामावर पडणारा उजेड साधारण चौपट होतो. वाकवता येणारा टेबल लॅम्प उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूला ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब पाहिले की डोळ्यांचा ताणही हलका होतो.

मान आणि खांदे दुखण्याचे एक मोठे कारण टेबलाच्या उंचीत असते. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. त्यावर छोटे मशीन ठेवले की हात कोपरापेक्षा वर जातात आणि तासन्‌तास खांदे उचललेले राहतात. खुर्चीवर उशी घेऊन बसण्याची उंची वाढवावी आणि पाय अधांतरी राहू नयेत म्हणून खाली पाट घ्यावा. कापड बेतण्यासाठी जमिनीवर ओणवे बसण्याऐवजी उभ्याने काम करता येईल असे उंच टेबल किंवा ओटा बरा. ओट्यावर कापड चालेल, रंग आणि रेझिन मात्र कधीच नको. त्यांसाठी वापरलेली वाटी, चमचा, मिक्सरचे भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

कुलपातल्या वस्तू

सामान नीटनेटके दिसावे म्हणून पारदर्शक डबे चांगलेच, पण कुठला डबा कोणत्या फळीवर हे मुलाच्या हाताच्या उंचीवरून ठरवावे. सजावटीच्या दिव्यांतील बटण सेल, छोटी लोहचुंबके, पाण्यात फुगणारे मणी आणि टाचण्या यांना कुलूपबंद जागा हवी. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मूल लाळ गाळत असेल, गिळायला त्रास होत असेल आणि एखादा सेल सापडत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

थिनर किंवा टर्पेंटाइन शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवणे हा दुसरा धोका. मुलाने ते प्यायले तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि बाटली सोबत न्यावी. गोधडीसाठी जपून ठेवलेल्या जुन्या साड्यांतल्या डांबरगोळ्यांकडेही लक्ष हवे. त्यांत नॅप्थलीन असेल तर त्याच्या वाफेने जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बारशासाठी गोधडी शिवायची असेल तर कापड आधी धुऊन, उन्हात चांगले वाळवून घ्यावे. नव्या साठवणीत कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल.

विजेचेही गणित सोपे आहे. सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डाला सुमारे १४०० वॉटच झेपतात. हजार वॉटची इस्त्री आणि हीट गन एकाच बोर्डावर लावली की तारा तापतात. मेणबत्त्यांसाठी मेण थेट आचेवर नव्हे, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. ते पेटलेच तर पाणी न ओतता झाकण ठेवून गॅस बंद करावा. ग्लू गनने बोट भाजले तर टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे.

मास्कविषयी शेवटी

कापडी मास्क धुळीलाही पुरेसा रोखत नाही. एन-९५ धुळीसाठी चांगला, पण थिनरची किंवा रेझिनची वाफ त्यातून सहज आरपार जाते. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि ते कार्ट्रिज ठरावीक काळाने बदलावेही लागते. ज्या कामाला घरात असा मास्क घालावा लागतो, त्या कामाच्या वेळी बाकीची माणसे त्याच खोलीत का आहेत, हे आधी विचारायला हवे.

कोपरा बरा आहे की नाही, हे ओळखायची एक साधी खूण आहे. डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, खोकला किंवा हातावरची खाज गावाला गेल्यावर थांबते आणि घरी येऊन कामाला बसल्यावर पुन्हा सुरू होते का, हे पाहावे. तसे होत असेल तर डॉक्टरांकडे जाताना वापरातल्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो घेऊन जावे आणि घरात कोणते काम चालते, हे त्यांनी विचारले नाही तरी सांगावे.