पडद्यावरची सोनपाकोळी

मारधाडीच्या चित्रपटात बाईचे काय काम, असे कुणी विचारले, तर आपल्या आजोबांच्या पिढीकडे एक ठसकेबाज उत्तर तयार असे : नादिया! १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनच्या ‘हंटरवाली’त ती चाबूक घेऊन आली आणि पिटातल्या प्रेक्षकांची लाडकी झाली. आज मी जिची हकीकत सांगणार आहे, ती तीसएक वर्षांनंतर दूर हाँगकाँगच्या पडद्यावर दोन आखूड तलवारी घेऊन उभी राहिली. तिचे नाव चंग पेई-पेई.

मी तिला पाहिले ते मात्र उलट्या क्रमाने. आधी म्हातारी खलनायिका म्हणून, आणि मग तरुण नायिका म्हणून! अँग ली या दिग्दर्शकाचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ हा २००० सालचा चित्रपट पुष्कळ वाचकांना आठवत असेल. माणसे बांबूच्या शेंड्यांवर उभी राहून लढतात, तोच तो. त्यातल्या जेड फॉक्स नावाच्या विषारी बाईचा मला संताप आला, आणि घरी परतताना तिचीच कीव वाटू लागली. ही नटी कोण, म्हणून तिचे जुने चित्रपट मिळवून पाहिले, तेव्हा या बाईचे सारे आयुष्यच त्या भूमिकेमागे उभे असल्याचे ध्यानात आले.

पेई-पेईचा जन्म १९४६ सालचा, शांघायचा. लहानपणी ती बॅले नृत्य शिकली. तरुणपणी हाँगकाँगला आली आणि शॉ ब्रदर्स या बड्या चित्रसंस्थेच्या नाट्यशिक्षणवर्गात दाखल झाली. अंगकाठी उंच आणि चाल डौलदार. त्यामुळे सुरुवातीला ‘द लोटस लँप’ या संगीतपटात तिच्या वाट्याला चक्क पुरुषाची भूमिका आली! आपल्याकडे बालगंधर्व लुगडे नेसून उभे राहत, तर तिथे ही मुलगी पंडिताचा झगा घालून उभी राहिली.

किंग हू या दिग्दर्शकाने तिच्यातली नर्तकी हेरली. त्याच्या ‘कम ड्रिंक विथ मी’ या १९६६ सालच्या चित्रपटात ती ‘सोनेरी पाकोळी’ झाली. सुभेदाराच्या मुलाला दरोडेखोरांनी पळवून नेले आहे; त्याला सोडवायला त्याची बहीण पुरुषवेषात एकटीच निघते. खाणावळीतला तो प्रसंग मी तीनदा पाहिला. ती मेजाशी शांतपणे बसली आहे. आसपासची सगळी मेजे गुंडांनी भरलेली आहेत. ती डोळे वर करून पाहते, आणि पुढे काय होणार ते आपल्याला तिच्या पाठीच्या कण्यावरून कळते.

गंमत अशी, की या मुलीला खरी युद्धकला येत नव्हती. किंग हूला तरी ती कुठे हवी होती? त्याने पेकिंगच्या संगीतनाटकातली लढाई घेतली. झपाझप हालचाल, मग एकदम स्तब्धता; पुन्हा हालचाल, पुन्हा स्तब्धता. आपल्याकडचा तबलजी तिहाई घेऊन नेमका समेवर येतो ना, तसे! तो ठेका नर्तकीच्या अंगात आधीच मुरलेला होता. विशीतली पेई-पेई त्या एका चित्रपटाने तलवारपटांची राणी ठरली.

पण राणीचे राज्य फार दिवस टिकले नाही. १९६७ साली चांग चेह या दिग्दर्शकाचा ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्‌समन’ तुफान चालला आणि वारे फिरले. आता पडद्यावर हवा होता पिळदार शरीराचा, रक्तबंबाळ होऊन लढणारा पुरुष. पुढच्याच वर्षी ‘गोल्डन स्वॉलो’ आला. दिग्दर्शक तोच चांग चेह. नाव पेई-पेईच्या पात्राचे. पण चित्रपट खाऊन टाकला तो नायक जिमी वाँग यूने! लग्नपत्रिकेवर नाव वधूचे आणि वरात मात्र भलत्याचीच, अशातली गत. तरी तिने काम सोडले नाही. १९७१ सालच्या ‘द लेडी हर्मिट’मध्ये तर पंचविशीतच ती गुरू झाली आणि एका तरुण मुलीला युद्धकला शिकवू लागली.

तोवर, १९७० साली, तिचे लग्न झाले होते. ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियात गेली. चार मुलांची आई झाली. लग्न झाले की नटीने पडदा सोडायचा, ही रीत आपल्याकडच्या घरांनाही परकी नाही. ऐन भरातली वर्षे अशी गेली. पुढे तो संसारही टिकला नाही. ती पुन्हा चित्रपटांकडे वळली आणि मिळतील त्या भूमिका करू लागली. १९९३ सालच्या ‘फ्लर्टिंग स्कॉलर’मध्ये तिने लोकांना हसवलेसुद्धा.

आणि मग आली जेड फॉक्स. या बाईला वूडांग पंथाची विद्या शिकायची होती. तिथल्या गुरूला ती शेजेला चालत होती. शिष्या म्हणून चालत नव्हती! तिने त्याला विष घातले आणि विद्येची पोथी चोरली. पण पोथीतली अक्षरे तिला नीट लागेनात. तिने हाताशी धरलेली सरदारघराण्यातली मुलगी मात्र शिकलेली. ती गुपचूप सारे वाचून घेते, गुरूच्या पुढे जाते, आणि वर्षानुवर्षे थांगपत्ता लागू देत नाही. हे उघडकीला येते तेव्हा म्हातारीच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते मी विसरू शकत नाही. खून तो खूनच. त्याची भलामण मी करणार नाही. परंतु जिला दाराबाहेर उभे केले, तिने दार फोडले, एवढे तरी आपण ओळखायला नको का? सावित्रीबाईंनी ज्या गावात मुलींची शाळा काढली, त्या पुण्याच्या मुलखातल्या वाचकांना हे अधिक काय सांगावे!

या भूमिकेसाठी २००१ साली तिला हाँगकाँगचे सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. त्याच चित्रपटात मिशेल योह होती. तीही मुळात बॅले शिकलेली, तिनेही लग्नानंतर काही वर्षे पडदा सोडलेला. २०२३ साली तिने उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पटकावले; तो मान मिळवणारी ती पहिली आशियाई नटी.

पेई-पेई उतारवयातही कामात राहिली. २०१९ साली तिला मेंदूचा दुर्धर आजार असल्याचे निदान झाले. २०२० सालच्या ‘मुलान’मध्ये ती सोयरिकी जुळवणारी बाई म्हणून दिसली. पुरुषवेषात लढायला निघालेल्या मुलीचीच ती गोष्ट! १७ जुलै २०२४ रोजी तिचे निधन झाले. तिचा मेंदू संशोधनासाठी देण्यात आला. ज्या विद्येसाठी जेड फॉक्स आयुष्यभर तळमळली, तिच्याच कामी शेवटी पेई-पेई आली.