परळची एका मिनिटाची चाचणी

रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला आणखी सलाईन द्यावं का? अतिदक्षता विभागात हा प्रश्न रोज पडतो. कमी पडलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो, जास्त झालं तर फुप्फुसांत पाणी साचतं. व्हेंटिलेटरच्या श्वासांगणिक नाडीदाब किती खालीवर होतो, यावरून अंदाज बांधता येतो. मात्र फुप्फुसं जपण्यासाठी श्वास लहान, म्हणजे किलोमागे 6 मिलिलिटर ठेवला की हा अंदाज फसतो. (किलो म्हणजे उंचीवरून काढलेलं वजन, काट्यावरचं नव्हे.)

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. शीला मायात्रा आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय तपासला: श्वास फक्त एक मिनिट 8 मिलिलिटरवर न्यायचा. तेवढ्यात नाडीदाबातल्या चढउताराची टक्केवारी 3.5 अंकांनी वाढली, तर सलाईन बहुधा उपयोगी पडेल.

2017 मध्ये ‘क्रिटिकल केअर मेडिसिन’मध्ये हा अभ्यास आला. रुग्ण अवघे 20. तरी कल्पना मोलाची, कारण खाटेपाशी आधीच जोडलेल्या यंत्रांवरच ती चालते. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा रुग्ण स्वतः श्वास घेत असेल, तर मात्र या आकड्यावर विसंबू नये.